भिंतीला पोट का सुटतं : बहात्तरची कामं, किल्लारी आणि ओढ्याकाठचा रस्ता

आज सोयाबीनचं, हळदीचं काही नाही. भिंतीचं लिहितोय. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आपल्याकडं दगडी भिंत पडायच्या आधी तिला पोट सुटतं. हा शब्द कुठल्या इंजिनिअरचा नाही, गवंड्याचा आहे, आणि अगदी नेमका आहे. भिंत वरून सरळ दिसते, खालून सरळ दिसते, मधेच फुगते. ओळंबा सोडला की दोन बोटं, चार बोटं, एक वीत असा फरक निघतो. आपल्या नांदेड-लातूर भागात या पोटाचा इतिहास मोठा आहे आणि तो माणसांच्या जिवावर लिहिलेला आहे. म्हणून रस्त्याकडच्या एका भिंतीसाठी मला १९७२ पासून सुरुवात करावी लागतेय.

बहात्तरचा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेला असतोच. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, आणि खडी फोडायची कामं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढ्या हातांना काम द्यायचं तर काय द्यायचं? पाझर तलाव, नाला बांध, आणि सगळ्यात जास्त डोळ्यांपुढं येणारी गोष्ट म्हणजे रस्ते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी पुढं १९७७ च्या कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला. पण आपल्या खेड्यांना तालुक्याशी जोडणारे कितीतरी कच्चे रस्ते त्याच्या आधीच, त्या दुष्काळातल्या उन्हात पडले. आज डांबर, काँक्रीट जे काही वर दिसतं, त्याच्या खालचा भराव पुष्कळ ठिकाणी टोपल्यानं टाकलेला आहे.

रस्ता ओढ्याच्या कडेनं न्यायचा तर एका बाजूला भराव धरून ठेवायला भिंत लागते. सिमेंट महाग, चुन्याला पाणी लागतं, आणि पाणी तर प्यायला नव्हतं. मग काय, दगडावर दगड. फोडलेला डबर, मधे चिपा, माग माती. कोरडी रचाई. कामाचा दाम मोजणीवर. किती ब्रास दगड लागला, किती लांबी झाली, त्यावर पैसे. आता यात एक बारीक गोष्ट बघा. भिंतीच्या तोंडाला लावायचे दगड सगळे दिसतात, मोजणीला येणारा माणूस तेच बघतो. भिंतीच्या या तोंडापासून आत खोलवर जाणारा लांब, जड दगड बसवायला चार माणसं लागतात आणि मोजणीत तो तेवढाच भरतो. उपाशी पोटी काम करणाऱ्या माणसाला हा दगड का बसवला नाहीस म्हणून विचारायचा अधिकार मला तरी नाही. पण तो दगड बहुतेक ठिकाणी नाही, एवढं खरं.

तरीपण या भिंती पन्नास वर्षं टिकल्या. का टिकल्या, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण त्या गळत होत्या. कोरड्या रचाईच्या भिंतीला शेकडो फटी असतात. पावसाळ्यात रस्त्याखाली मुरलेलं पाणी त्या फटींतून ओढ्याकडं पाझरत राहायचं. श्रावणात अशा भिंतीवर नेचा उगवायचा, शेवाळ यायचं, लहानपणी आम्ही तिथं खेकडे शोधायचो. ओली भिंत म्हणजे कच्ची भिंत असं लोकांना वाटतं. मला उलटं वाटतं. बाहेरून ओली असलेली भिंत पाणी सोडतेय. बाहेरून कोरडीठाक आणि मागं चिखल, ही भिंत धोक्याची.

हे माझं शेतकऱ्याचं मत झालं. आता याच्या मागचं गणित एका फौजी माणसानं मांडलंय, तेही सांगतो. शार्ल ओगुस्तँ द कुलोम. शाळेत विजेच्या धड्यात ज्याचं नाव येतं तोच हा कुलोम. पण मूळचा तो फ्रेंच लष्कराचा इंजिनिअर. १७६४ मध्ये त्याला कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला पाठवलं. आठ-नऊ वर्षं तिथं दगड-माती, ताप आणि मजूर यांच्यात काढली. परत आल्यावर १७७३ मध्ये त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढं एक निबंध वाचला, तो १७७६ मध्ये छापून आला. त्यात त्यानं हाच प्रश्न घेतला होता : मागची माती भिंतीला किती ढकलते? त्याचं म्हणणं साधं आहे. भिंत जरा पुढं सरकली की मागच्या मातीतला एक पाचरीसारखा तुकडा सुटतो आणि उतारावरून खाली घसरायला बघतो. त्या पाचरीला अडवायचं काम भिंतीचं.

या गणितातून एक गोष्ट निघते ती प्रत्येक सरपंचानं आणि ठेकेदारानं लिहून ठेवावी. भिंतीची उंची दुप्पट केली तर ढकल दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि भिंत उलथवायचा जोर आठपट होतो. म्हणून चार फुटी भिंतीवर रस्ता उंच करताना आणखी चार फूट चढवायची, जाडी मात्र तीच ठेवायची, हा उद्योग म्हणजे संकटाला आवतण.

पाण्याचं आणखी वेगळं. सहा-साडेसहा फुटांची, म्हणजे दोन मीटर उंच भिंत धरा. मागं कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या एक मीटर लांबीवर साधारण सव्वा टन ढकल येते. तोच मुरूम पाण्यानं काठोकाठ तुंबला तर अडीच टनाच्या पुढं जाते. भिंत तीच, माती तीच, फक्त पाणी तुंबलं. त्यामुळं भिंती उन्हाळ्यात पडत नाहीत, झडीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडतात.

आणि हे झालं मुरमाचं. आपल्याकडं मागं काय असतं? काळी माती. ती तर वेगळंच खातं. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, हे काही तुम्हाला सांगायला नको. पाणी मिळालं की तीच माती फुगते, भेगा मिटतात. या मातीतल्या बारीक चिकणमातीचा तो गुणच आहे, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आक्रसते. आता भिंतीच्या मागं हे काय करतं बघा. वैशाखात भिंत आणि माती यांच्यात फट पडते. त्या फटीत वरून धूळ, खडे, रस्त्याची खडी पडते. आषाढात माती फुगते, तिला तिची जुनी जागा पाहिजे असते, पण तिथं आता खडे बसलेत. मग ती भिंतीला पुढं सरकवते. एक सूत, दोन सूत. पुढच्या वैशाखात माती मागं जाते, भिंत मागं येत नाही. परत फट, परत खडे. दरवर्षी असा एकेक दात पुढं. तीस-चाळीस वर्षांत त्याचं पोट होतं.

आता कुणी म्हणेल, मग आपल्या विहिरी कशा टिकल्या? त्यांच्या मागंही काळीच माती आहे. बरोबर आहे. पण विहीर गोल असते. बाहेरून माती जेवढी ढकलेल तेवढे गोलातले दगड एकमेकांत घट्ट बसतात. सरळ भिंतीला शेजारी कुणी नाही, ती आपल्या वजनावर एकटी उभी असते. बारवांचं तंत्र आणखी वेगळं. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव बघून या, गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केलेली. पायऱ्या फिरत फिरत खाली जातात. त्या पायऱ्या फक्त उतरायला नाहीत. एकदम उभी भिंत न घालता टप्प्याटप्प्यानं मागं सरकत गेलं की प्रत्येक टप्प्याला थोडीच माती धरायची असते. आपल्या कंधारला राष्ट्रकूट काळातला जगत्तुंग सागर आहे, हजार वर्षांपूर्वीचा. पाणी आणि दगड-माती यांचा मेळ घालायची अक्कल या मुलखाला नवी नाही. ती मधेच कुठंतरी हातातून सुटली.

कुठं सुटली, याचा माझ्यापुरता एक अंदाज आहे, आणि तो किल्लारीपाशी जातो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची गावं खाली बसली. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा. ५२ गावं अशी गेली की ती दुसऱ्या जागी नव्यानं वसवावी लागली. भूकंप तसा जगातला फार मोठा नव्हता, ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजला गेला. एवढ्या भूकंपात इतकी माणसं का मेली, हा प्रश्न तेव्हा जगभरच्या इंजिनिअरांनी विचारला. उत्तर भिंतीत सापडलं.

आपली जुनी घरं आठवा. दोन-तीन फूट, कुठं त्याहून जाड भिंत. बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक दगडाची रांग, दोन्हीच्या मधे चिपा आणि चिखल. वर माळवद. दर दोन-चार वर्षांनी गळायला लागलं की वरून पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. असं करत करत डोक्यावर फूट-दोन फूट मातीचं ओझं. बघणाऱ्याला ही भिंत एक वाटते. खरं तर त्या दोन भिंती असतात, पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या. दोघींना एकत्र बांधणारा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड नसेल तर मधला चिखल विरघळत जातो, चिपा खाली बसतात आणि पाचरीसारख्या दोन्ही रांगांना बाहेर ढकलतात. म्हणजे पोट भूकंपाआधीच सुटलेलं होतं. भूकंपानं फक्त धक्का दिला. बाहेरची रांग बाहेर गेली, आतली आत, आणि वरची माती झोपलेल्यांच्या अंगावर.

पुष्कळ घरांत माळवद लाकडी खांबांवर उभं होतं. खण मोजून घर सांगायची आपली पद्धत त्या खांबांवरूनच आलीय. काही ठिकाणी भिंती ढासळल्या तरी खांब आणि वरचं छत उभं राहिलं. जुन्या गवंड्या-सुतारांना काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. नवीन गावांची चर्चा फार झाली, आजही होते. पण त्याचा दुसरा भाग कुणाच्या फारसा लक्षात नाही. १३ जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम त्यात होतं. रुडकी विद्यापीठाचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या माणसांनी दगडी भिंती कशा सुधाराव्यात याची पद्धत घालून दिली, आणि राजेंद्र व रूपल देसाई या दांपत्यानं आपल्या भागात ती प्रत्यक्ष करून दाखवली. ती पद्धत मला आजही फार आवडते, कारण तिला मशीन लागत नाही. भिंतीतला एक दगड हळूच काढायचा. आतलं भोक हातानं मोकळं करत पलीकडच्या तोंडापर्यंत न्यायचं, दोन्ही तोंडांना रुंद आणि मधे अरुंद. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड. साधारण मीटरभर अंतरावर असे टाके घालत जायचं. गोधडी शिवतो तसंच. वरची रांग आणि खालची रांग टाक्यानं एकमेकींना धरून राहतात.

त्याच १९९३ साली दगडी बांधकामाच्या भूकंपरोधासाठी भारतीय मानकही निघालं. त्यात नवीन बांधकामाचा नियम सरळ लिहिलाय : चिखलात किंवा हलक्या मालात बांधायची दगडी भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा जाड नको, आणि उंचीत दर ६०० मिलिमीटरला, लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर आरपार दगड हवाच. दोन फुटाला एक थर, चार फुटाला एक दगड. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण लोकांनी काय केलं? मिळालेल्या पैशात बहुतेकांनी जुनी भिंत मजबूत करण्यापेक्षा शेजारी विटांची, काँक्रीटच्या पट्ट्याची एक नवी खोली बांधली. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्या दगडाखाली आपली लेकरं गेली त्या दगडावर पुन्हा विश्वास ठेवा, हे सांगणं सोपं आहे, ऐकणं नाही. पण त्यातून एक झालं. दगड म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे जीव, असं समीकरण आपल्या मुलखात पक्कं बसलं. दगडाचं काम करणाऱ्या वडार समाजाच्या आणि इतर गवंड्यांच्या हातातलं काम गेलं, पोरं फरशी आणि सेंट्रिंगकडं वळली. दोष दगडाचा नव्हता, दगड बांधायच्या पद्धतीचा होता, हे मागं पडलं. आणि मग जिथं दगडी भिंत दिसेल तिथं तिच्यावर सिमेंट फासायचं, म्हणजे ती सुरक्षित झाली, असं सगळ्यांना वाटायला लागलं.

इथं आपली ओढ्याकाठची भिंत येते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की वाद गावाचा होतो आणि भिंत बाजूला राहते. शिवाय अशी भिंत तुमच्याही गावाला असणार. बहात्तरच्या रस्त्याची, कोरड्या रचाईची. काही वर्षांमागं तिच्या सगळ्या फटी सिमेंटनं भरून घेतल्या. दर्जा भरून भिंत कशी छान दिसायला लागली, सगळ्यांनी कौतुक केलं. कुणी केलं, कुठल्या निधीतनं केलं, त्यात मी पडत नाही. भिंतीचं गळणं त्या दिवशी बंद झालं. नेचा गेला, शेवाळ गेलं. त्यानंतरच्या दोन-तीन पावसाळ्यांत मधल्या पंधरा-वीस फुटांना पोट दिसायला लागलं. आता तिथनं शाळेची पोरं जातात, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात. भरलेली ट्रॉली भिंतीच्या कडेनं जाते तेव्हा तिचं ओझं खाली मातीत उतरतं आणि आडवं होऊन भिंतीवरच येतं.

दुसरी गोष्ट ओढ्याकडून झाली. एप्रिल २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. ते चित्र बघून सगळा मराठवाडा हादरला. त्याआधीपासून जलयुक्त शिवारची कामं चालू होतीच. त्यानंतर तर खोलीकरणाचा धडाका लागला. गावोगावी पोकलेन उतरले. मी या कामांच्या विरोधात नाही. आमच्या विहिरींना त्याचा फायदा झालाय आणि तो नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण ओढा खोल करताना काठावरच्या भिंतीचा पाया किती खाली आहे, हे कुणी बघितलं नाही. पूर्वी पाया ओढ्याच्या तळाखाली गाडलेला होता. तळ चार फूट खाली गेला, पाया तिथंच राहिला. म्हणजे भिंत आता मातीच्या उभ्या कापावर बसलीय. त्यात जिथं ओढा वळण घेतो तिथं पाण्याचा मारा बाहेरच्या काठावर जास्त बसतो. आपला रस्ता नेमका त्याच काठानं जातो. वरून सिमेंटनं तोंड बंद, मागनं काळी माती आणि पाणी, खालनं पाया उघडा.

म्हणाल, एवढ्याशा भिंतीचं काय घेऊन बसलात. २०१९ चं साल काढून बघा. २९ जूनला पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची भिंत पावसात शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले, बायका-पोरांसकट, बिहारहून पोट भरायला आलेले. तीनच दिवसांत, २ जुलैला मुंबईत मालाडला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीच्या आवाराची भिंत खालच्या वस्तीवर आली, तीसच्या आसपास माणसं गेली. ती भिंत जुनी नव्हती, दगडमातीचीही नव्हती. मागं पाणी दाटलं की सिमेंटचीही तीच गत.

आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्याचा आंबिल ओढा. या ओढ्याचा इतिहास आपल्या विषयाला फार जवळचा आहे. कात्रजच्या डोंगरातून निघणारा हा ओढा एके काळी शनिवारवाड्याच्या बाजूनं, पुण्याच्या पेठांच्या कडेनं वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तलाव बांधून दगडी नळानं शहरात पाणी आणलं आणि हा ओढा पर्वतीच्या पायथ्याशी वळवून वरच्या अंगाला मुठेला नेऊन सोडला. सारसबागेच्या जागी तेव्हा तलाव होता. म्हणजे शहरानं ओढ्याला एकदा जागा बदलायला लावली, तिथंवर ठीक होतं. नंतर हळूहळू नव्या जागेतही त्याला आवळत आणलं. दोन्ही काठांनी भिंती, भिंतींना लागून घरं. त्या रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि ओढ्यानं रुंदी मागितली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, सहकारनगरपासून खाली कितीतरी सोसायट्यांच्या सीमाभिंती ओढ्यात गेल्या. त्यानंतर कित्येक महिने, वर्षं एकच वाद चालला : ही भिंत महापालिकेनं बांधायची की सोसायटीनं? जागा खाजगी, पाणी सरकारी. तोवर लोकांनी पत्रे लावून, पोती रचून पावसाळे काढले. आपल्याकडंही हेच ऐकू येतं. रस्ता एका खात्याचा, ओढा दुसऱ्याचा, काठ ग्रामपंचायतीचा, आणि मागचं रान कुणातरी शेतकऱ्याचं. भिंत चौघांच्या मधे.

आता आपल्या भिंतीच्या दुरुस्तीला पैसे मंजूर झालेत आणि काम सुरू व्हायचंय. बोलणं असं ऐकतोय की पोटावर जाळी मारून वरून काँक्रीटचा गिलावा द्यायचा. स्वस्त आहे, पंधरा दिवसांत होतं, फोटो चांगला येतो. माझं म्हणणं ग्रामसभेत मांडलंय, इथंही लिहितो. पोटावर गिलावा म्हणजे फुगलेल्या पोटाला नवा सदरा. आतलं पाणी आणखी दाटणार.

पोट सुटलेला भाग उतरवावाच लागेल. वरून खाली, थोडा थोडा, एका वेळी सहा-आठ फुटांपेक्षा जास्त उघडायचा नाही, आणि त्या दिवसांत ट्रॅक्टर दुसऱ्या रस्त्यानं. दगड टाकून द्यायची गरज नाही, आपला काळा पाषाण आणखी शंभर वर्षं जातो. पाया आत्ताच्या ओढ्याच्या तळाच्या खाली न्यायचा, बहात्तरच्या तळाच्या नाही. त्यापुढं, पाण्याचा मारा बसतो तिथं तारेच्या जाळीत दगड भरून पायथा झाकायचा. गॅबियनचे बंधारे आपण पाणलोटाच्या कामात बघितलेत, तेच इथं आडवं टाकायचं. भिंत खाली रुंद, वर अरुंद, आणि तोंड किंचित मागं झुकलेलं. मागं काळी माती परत भरायची नाही. निदान दोन फूट रुंदीत डबर, चिपा आणि मुरूम. भिंत सिमेंटमध्ये बांधणार असाल तर चार इंची पाइपाचे तुकडे थोडा ढाळ देऊन, दर चार-पाच फुटांवर, एकाआड एक. आतल्या तोंडाशी खडीचा ढीग, नाहीतर मातीनं वर्षात बुजतात. आरपार दगड किल्लारीच्या हिशेबानं. आणि रस्त्याचं पावसाचं पाणी भिंतीच्या मागं मुरू न देता गटारानं पुलाकडं न्यायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात स्वस्त आहे आणि तेच कुणी करत नाही.

किल्लारीतले टाके इथं चालतील का, असं एका वाचकमित्रानं विचारलं. अर्धेच. टाक्यानं भिंतीचे दोन थर एकत्र राहतील, पण मागच्या मातीची ढकल टाका अडवत नाही, ती भिंतीच्या वजनानं आणि मागच्या निचऱ्यानंच अडते. घराच्या भिंतीला दोन्हीकडं हवा असते, या भिंतीच्या पाठीशी अख्खा रस्ता आहे. ज्या भागाला अजून पोट सुटलेलं नाही तिथं मात्र टाके घालावेत आणि आधी भरलेल्या सिमेंटच्या दर्जा जागोजागी फोडून पाण्याला वाट द्यावी. छिन्नी, हातोडा आणि दोन माणसांचं चार दिवसांचं काम आहे.

काम सुरू झालं की पहिल्या उघडलेल्या तुकड्याचे फोटो टाकतो. मागं माती निघते की मुरूम, आणि एखादा लांब दगड कुणी बसवला होता का, ते बघायचंय. तोवर आपापल्या गावच्या भिंतीला एक ओळंबा लावून बघा. दोरीला नट बांधला तरी चालतं. वरच्या दगडाला दोरी टेकवा, मधे किती बोटं फुगवटा आहे ते खडूनं तारखेसकट भिंतीवरच लिहा. पोळ्याला परत मोजा.